बाईच्या कानातलं परदेशी मशीन

माझी मोठी बहीण अकोल्याला राहते आणि मी अमरावतीला. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो, तेव्हा इथून पुढं बाई म्हटलं की ती समजायची. दोघींचं माहेर वलगाव. मधले दोन भाऊ गेले. आता त्या घरातल्या आम्ही दोघीच उरलो. आमच्या अंगणात कोण कोणाशी काय कारणानं भांडलं होतं, हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या एकीला ऐकू येत नाही.

बाई शाळेत गेलीच नाही. माझीही शाळा दुसरीत सुटली. पण मी वलगावच्या स्टँडवर उभी राहून एसटीच्या पाट्या वाचायची. परतवाडा, चांदूर बाजार, अमरावती. 'परतवाडा' हा मला न चुकता लिहिता आलेला पहिला मोठा शब्द. पुढं जे हाती येईल ते वाचत गेले. बाई भाकरी थापता थापता म्हणायची, "तू वाच वं, मी आयकतो." तेव्हापासून आमची वाटणीच झाली. वाचायचं मी, ऐकायचं तिनं. पेपर, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं बारीक बारीक सगळं. तिला कधी अक्षरांची गरजच पडली नाही, कारण मी होते. तेव्हा मला याचा फार अभिमान होता. आता वाटतं, हात धरून चार अक्षरं तरी शिकवायला हवी होती.

तिचे कान हळूहळू गेले. आधी कुकरची शिटी गेली, मग दाराची बेल, मग माझा फोन. मी इकडून बोलायची, ती तिकडून म्हणायची, "काहून वं एवढी हळू बोलून राहिली? घरात कोनी निजलं का?" मी ओरडायची. शेजारीण खिडकीतून डोकावून पाहायची, की या घरात एकच माणूस राहतं, तरी भांडण कोणाशी चाललंय.

गावातलं मशीन घेऊन पाहिलं होतं. डॉक्टर भले होते, त्यांनी तीनदा बसवून दिलं. पण बाईच्या कानाचा प्रकार वेगळा. बारीक आवाज पोचत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही. दोन दिवस घातलं आणि तिनं ते काढून सुपारीच्या डब्यात टाकलं. म्हणाली, "कानात गिरनी चालू हाय. मले दळन नाई दळाचं."

मग माझ्या मोबाईलवर ती जाहिरात आली. हे मी आधीच कबूल करते, जाहिरात मी पाहिली, हट्ट मी धरला. परदेशातली कंपनी. मोत्यासारखी दोन मशिनं, पांढऱ्या डबीत राहतात, डबीतच चार्ज होतात. मोबाईलवर शिट्या ऐकवून ते तुमचा कान तपासतात, आणि तिकडून, त्यांच्या कॉम्प्युटरवरून, तुमच्या कानापुरता आवाज लावून देतात. फोन आला तर आवाज सरळ कानात. मी बाईच्या सुनेला फोन केला. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, इंग्रजी चांगलं आहे, स्वभाव त्याहून चांगला.

"मावशी, हे बाहेरच्या देशातलं आहे," ती म्हणाली. "बिघडलं तर कोणाकडं जायचं?"

"पोरी, इथलं घेतलं तं इथल्याकडं जाऊन काय झालं? सुपारीच्या डब्यात गेलं."

तिनं मागवलं. शेवटी एक लांबलचक कागद येतो ना मोबाईलवर, मान्य आहे, मान्य आहे, तेही तिनं केलं. कोण वाचतं ते? मी एवढी वाचणारी, पण मीही कधी वाचलं नाही.

तीन आठवड्यांनी मशीन आलं. पहिल्या दिवशी चार वाजता बाईचा फोन आला. मी सवयीनं जोरात ओरडले, "बोल वं!"

तिकडून बाई म्हणाली, "मेली, कान फाडतं का? आयकू येऊन राहिलं मले. सावकाश बोल."

मी सावकाश बोलले आणि रडलेही. तिनं तेही ऐकलं. म्हणाली, "नाक शिंकर आधी."

त्या दिवसापासून चार म्हणजे चार. चहा ठेवायचा आणि फोन वाजायचा. मी पेपर वाचून दाखवायची. निधनवार्ता आधी, कारण तिला आधी तेच लागतं. मग संत्र्याचा भाव, तिची नणंद शेंदूरजनाघाटला दिली आहे म्हणून. मग आमचं जुनं उकरणं सुरू. आजीनं पाटल्या नक्की कोणाला द्यायला सांगितल्या होत्या, यावर आम्ही सत्तरी ओलांडूनही रुसतो. तीन-तीन दिवस रुसायचो आणि रुसूनही चारला फोन करायचो, फक्त हूं हूं करायला. असे आठ महिने गेले. माझ्या म्हातारपणातले ते बरे महिने.

नवरात्रात मी अकोल्याला गेले. खंडेनवमीला आपल्याकडं हत्याराची पूजा असते. पूर्वी विळा, कुऱ्हाड, पेरणीची पांभर मांडायचो. आता बाईच्या देवघरापुढं शिवणाचं मशीन, मिक्सर, भाच्याच्या मोटरसायकलची चाबी, ट्रॅक्टरची चाबी, सुनेचा लॅपटॉप अशी रांग होती. मी म्हटलं, "आणि बाईचं कानाचं? साऱ्यात मोठं हत्यार तं थेच हाय." सगळे हसले. बाईनं कानातून मशिनं काढली, डबीत ठेवली आणि डबी उघडीच माझ्यापुढं केली. मी कुंकू पाण्यात कालवून करंगळीशेजारच्या बोटानं सगळ्यांना लावत आले. डबीलाही लावलं, झाकणाच्या आतल्या बाजूला. वर हळद, अक्षता आणि झेंडूच्या फुलानं दोन थेंब पाणी. मशीन त्यानंतरही नीट चाललं. दिवाळीही नीट गेली. हे मी मुद्दाम सांगते आहे.

दिवाळीनंतर एक दिवस चार वाजले आणि फोन वाजला नाही.

सुनेनं सांगितलं, मोबाईलनं काही तरी नवीन भरून घ्यायला मागितलं, तिनं भरू दिलं, आणि त्यानंतर मशीन कान ओळखेना. मोबाईलवर अक्षरं आली की हे यंत्र आमच्या नोंदीत सापडत नाही. डबीत दिवा लागायचा, कानात आवाज नाही. आमच्याकडच्या डॉक्टरनी उलटून पालटून पाहिलं. म्हणाले, "मशीन जिवंत आहे आजी. पण किल्ली त्यांच्याकडं आहे. मी हात लावू शकत नाही."

सुनेनं कंपनीला लिहिलं. उत्तर लगेच आलं, केवढं गोड! सुनेनं मराठीत सांगितलं, "प्रिय मौल्यवान ग्राहक, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे." मी फोनवर म्हटलं, मौल्यवान म्हणतात म्हणजे काम होईल. त्यांनी डबीचे फोटो मागितले, सगळ्या बाजूंनी, आतूनही.

फोटो काढायच्या दिवशी मी परत अकोल्याला गेले होते. सून डबी घेऊन खिडकीशी बसली आणि ओल्या रुमालानं झाकण पुसू लागली. आत माझं कुंकू अजून तसंच होतं, वाळून घट्ट बसलेलं. मी तिचा हात धरला.

"पुसू नोको वं! पूजेचं कुंकू हाय. आपोआप जाऊ द्यावं, हातानं पुसू नाई."

"मावशी, फोटोत बरं नाही दिसणार."

"त्याहीले काय करायचं? त्याहीले मशीन पाहाचं हाय का कुंकू?"

तिनं रुमाल बाजूला ठेवला. माझा मान राखला. तिनं माझं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, पण त्या घरात वडीलधाऱ्याचं ऐकतात.

आता पाहा काय झालं. त्या डबीच्या झाकणात, आतल्या कोपऱ्यात, पारदर्शक पट्टीखाली मोहरीएवढा एक पांढरा ठिपका असतो. पाणी शिरलं की तो लाल होतो, म्हणजे कंपनीला कळतं की गिऱ्हाइकानं वस्तू भिजवली. हे आम्हाला काय माहीत? माझ्या बोटाचं कुंकू त्या ठिपक्यावरच लागलेलं. चौथ्या दिवशी पत्र आलं. ठिपका लाल आहे, आत लाल द्रव शिरला आहे, म्हणून हमी संपली. तक्रार बंद करण्यात येत आहे.

सुनेनं चार ओळींत समजावून लिहिलं, की हा द्रव नाही, हे कुंकू आहे, आमच्याकडं वर्षातून एकदा वस्तूंची पूजा करतात. उत्तर आलं, "आपल्या परंपरांचा आम्ही मनापासून आदर करतो." आणि खाली तेच, तक्रार बंद.

मग मी स्वतः, माझ्या हातानं, ते कुंकू पुसलं. मनात देवीची माफी मागितली आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीनं पुसलं. खाली ठिपका पांढराशुभ्र. तांदळासारखा. त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं नाही. परत पाठवला. तर मशीनच बोललं, माणूस नाही, की या पत्त्यावर आलेली पत्रं वाचली जात नाहीत.

बाईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत, की मशीन रुसलं आहे आणि सून मनवून राहिली आहे. कुंकवाचं तर सुनेनं घरात कोणालाच कळू दिलं नाही. "मावशी, कुंकवानं मशीन बंद नाही पडलं, ते त्यांच्याकडून पडलं," असं ती मला दहादा म्हणाली. मला पटतं. पण दुपारी चार वाजले की पटलेलं सगळं उतरून जातं.

शेवटी सुनेनं ग्राहक मंचात तक्रार केली. आता त्याला आयोग म्हणतात, पण लोकांच्या तोंडी मंचच आहे. नवीन कायद्यानं आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, वस्तू कुठूनही घेतलेली असो. हे ऐकून मला फार धीर आला. मी तर सगळ्यांना सांगत सुटले, की आता कंपनीला अकोल्याला यावं लागते म्हनावं! तक्रारदार बाई होती. सुनेनं लिहिलं, मी बाईला खुणांनी समजावलं, बाईनं अंगठा दिला.

नोटीस निघाली. आणि मग आम्हाला कळलं, की कंपनी म्हणजे नक्की कुठं, हेच कोणाला सांगता येत नाही. वेबसाइट एका देशातली, नोंदणी दुसऱ्या देशातली, आणि डबीखाली बारीक अक्षरात तिसऱ्याच देशात बनवल्याचं लिहिलेलं. भारतात ऑफिस नाही, दुकान नाही, माणूस नाही. नोंदणीच्या पत्त्यावर पाठवलेलं पाकीट चार महिन्यांनी परत आलं, वर परक्या भाषेतला शिक्का मारून. ईमेलची नोटीस गेली ती त्या न वाचणाऱ्या पत्त्यावरच गेली असणार. आणि आपण मान्य आहे म्हटलेल्या त्या लांब कागदात लिहून होतं, की भांडायचं तर त्यांच्या देशातल्या कोर्टात येऊन भांडा. मी तर गुडघ्यांपायी बडनेरा स्टेशनचा जिना चढताना दोनदा बसते.

सुनेनं आणखी एक खटपट केली. जिथं कंपनीची नोंदणी, त्या देशाच्या सरकारचंही ग्राहकांसाठी काही तरी आहे म्हणे, बाहेरच्या देशातल्या लोकांनाही तक्रार करता येते. शाळेतून येऊन दोन संध्याकाळी ती अर्ज भरत बसली. तो अर्ज आपला पिनकोड घेईना, आपला फोन नंबर घेईना. कसाबसा घेतला. आठ दिवसांनी पोच आली. तुम्ही दिलेल्या माहितीबद्दल आभारी आहोत, ती आम्हाला उपयोगी पडेल. आम्ही एकेकाची तक्रार सोडवत नाही.

"मग कोन सोडवते?" मी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही, मावशी."

तारखेला आम्ही बाईला घेऊन गेलो. नको म्हटलं तरी ती निघालीच. इस्त्रीचं लुगडं, आणि दोन्ही कानांत ती बंद मशिनं. म्हणाली, "ज्याचं भांडन त्याच्या कानात पाहिजे ना." समोरची खुर्ची रिकामी. आतल्या साहेबांनी बाईला काही विचारलं, तिला ऐकू आलं नाही. शिपाई ओरडला, मी ओरडले, सून ओरडली. बाई सगळ्यांना नमस्कार करत राहिली. साहेब कागद चाळत फोटोपाशी आले, चष्मा वर केला, परत खाली केला आणि म्हणाले, "हे तर कुंकू आहे."

मला काय झालं ते सांगता येत नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कोणी तरी ते पाहिलं होतं. समजावून सांगावं लागलं नाही, फोटो मोठा करून दाखवावा लागला नाही. पण ज्यानं पाहायला हवं होतं, तो रिकाम्या खुर्चीत होता.

बाहेर बाकावर एक वकील बसले होते, दुसऱ्याच कोणाच्या कामाला आलेले. सगळं ऐकून म्हणाले, "मावशी, निकाल तुमच्याच बाजूनं लागेल. काळजी नोका करू."

"मंग मशीन चालू होईल का?"

ते म्हणाले, "इथल्या दुकानदारावर आदेश झाला तर त्याच्या दारात माणूस पाठवता येतो, खुर्च्या-टेबल जप्त करता येतात. त्या देशात आपला माणूस कोणाच्या दारात उभा करणार? त्याला रीत आहे, नाही असं नाही. दिल्लीहून जाते, दोन्ही सरकारांतून जाते. पण..." आणि त्यांनी बाईकडं पाहिलं. बाई तेव्हा पिशवीतून डाळ्या काढून त्यांनाच देत होती. किती वर्षं लागतात ते तिच्या वयाकडं पाहून त्यांनी सांगितलं नाही. डाळ्या मात्र खाल्ल्या.

निकाल आमच्याच बाजूनं लागला. कंपनीनं मशीन दुरुस्त करून द्यावं, नाही तर बदलून द्यावं, नाही तर किंमत परत करावी. शिक्क्याचा कागद सुनेनं घरी आणला तेव्हा मी तिथंच होते. भाच्यानं पेढे आणले. मी अख्खा निकाल मोठ्यानं वाचला, एकेक अक्षर. सवय. वाचून मान वर केली तर बाई माझ्या तोंडाकडं पाहत होती.

तिनं खुणेनं विचारलं, जितलो? मी मान हलवली. तिनं पेढा अर्धा मोडला, अर्धा माझ्या तोंडात घातला, पदराला हात पुसले. मग उठून डबी आणली. मशिनं काढली, कानांत घातली, केस मागं सारले आणि पलंगावर बसून राहिली.

"आता येईन ना आवाज?" ती म्हणाली.

सून आत निघून गेली. मी काय खूण करणार? निकाल लागला पण पोचत नाही, याची खूण कशी करतात? मी हात हलवून थोडं थांब असं दाखवलं. तर बाई थांबली. दिवेलागण होईपर्यंत तशीच बसली होती, मधून मधून एका कानावर बोट दाबत. आमच्यातलं कोणी टाळी वाजवून पाहील म्हणून आमच्या हातांकडं पाहायची.

लोक उपाय सांगतात. व्हिडिओ कॉल करा म्हणतात. करतो की. पण माझे दात गेल्यापासून माझे ओठ काय म्हणतात ते आरशात पाहून मलाही कळत नाही. लिहून पाठवा म्हणतात. ती वाचत नाही हो. दुसरं मशीन घ्या म्हणतात. एक आणलं, तेही सुपारीच्या डब्यात पहिल्याच्या शेजारी जाऊन पडलं.

यंदाच्या खंडेनवमीला मी गेले होते. तीच रांग, चाब्या, मिक्सर, लॅपटॉप. मी ताट घेऊन पुढं सरकत आले आणि बाईनं डबी उघडून समोर धरली. मी पुढच्या वस्तूकडं वळले. तिनं माझं मनगट पकडलं.

"लाव."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"लाव म्हनतो ना. म्या सुनेच्या मोबाईलमंदी पाह्यला थो फोटो. मले वाचता येत नाई, दिसते." आणि माझं बोट धरून तिनं कुंकवात बुडवलं. "कुंकवानं काई बिघडत नसते. थ्या लोकाहीले कुंकू माहीत नाई, त्याले तू काय करशीन?"

मी लावलं. तेही ठिपक्यावरच गेलं.

आता आमचं काय चालतं ते सांगते. बाई अजूनही रोज चार वाजता फोन करते. नंबर तिला बोटांनी पाठ आहे. मी उचलला हे तिला ऐकू येत नाही, पडद्यावर आकडे पळायला लागले की तिला समजतं. मग ती बोलते. सुनेनं काय भाजी केली, पाणी किती दिवसांनी आलं, गल्लीत कोण गेलं, कोणाची पोरगी कुठं दिली. मी हूं म्हणते. सवयीनं.

बोलून झालं की ती म्हणते, "आता तू बोल." आणि गप्प बसते. मला तिचा श्वास ऐकू येतो. मी बोलायला लागते. पेपर समोर उघडलेलाच असतो. निधनवार्ता आधी, मग संत्र्याचा भाव. त्या बाकावरच्या वकिलांनी निकालानंतर आमच्यासाठी दिल्लीला पाठवलेल्या कागदाचं अजून काही आलं नाही, हेही रोज सांगते. मग मी पाटल्यांच्या गोष्टीवर येते. त्या खरं तर बाईलाच द्यायला आजीनं सांगितलं होतं आणि ते मी ऐकलं होतं, हे मी इतक्या वर्षांत कबूल केलं नव्हतं. परवा केलं. आजी ओट्यावर कशी बसली होती, काय म्हणाली, सगळं सांगायला घेतलं, आणि ऐन त्या वाक्यावर बाई तिकडून म्हणाली, "बरं, झालं आसन तुहं. ठेवतो आता, दूध उतू जाईन," आणि फोन ठेवला.

तोडायची ती आधीही अशीच, मधेच.